प्रीती आणि निर्भयता : वसईच्या एका दुभाष्याची कथा

होळी हे नाव कानावर पडताच परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे फाल्गुनी पौर्णिमेचा अग्नी उभा राहतो. वसईकराचे तसे नाही. त्याच्या लेखी होळी हे वसईच्या पश्चिम भागातील एका वस्तीचे व तेथील बाजाराचे नाव आहे. या भागात ख्रिस्ती आणि हिंदू घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. चर्चची घंटा आणि देवळातली आरती एकाच कानांनी ऐकली जाते. तेथून समुद्राच्या रोखाने गेले म्हणजे वसईचा किल्ला लागतो. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो त्यांच्याकडून जिंकून घेतला. या दोन सनांच्या मधल्या दोनशे वर्षांच्या खुणा किल्ल्यात पडक्या चर्चांच्या रूपाने उभ्या आहेत. त्यांत जेझुइट संघाच्या चर्चची दर्शनी भिंत पाहणाऱ्याचे लक्ष हमखास वेधून घेते. या संघाच्या छायेत, याच किल्ल्यात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक मुलगा अक्षरे गिरवीत होता. त्याचे नाव गोन्सालो गार्सिया.

त्याचा जन्म सुमारे १५५७ सालचा. पिता पोर्तुगीज आणि माता वसईची, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हा मुलगा पुढे जपानात गेला, तेथे क्रूसावर चढला आणि १८६२ साली रोमच्या धर्मपीठाने त्याला संतपद दिले. हिंदुस्थानात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळालेला तो पहिला पुरुष होय. एवढी हकीकत वसईतील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु ती ऐकून मनात जी शंका येते तिचा विचार सहसा कोणी करीत नाही. चाळिशीच्या घरातला हा माणूस न डगमगता मरणाला सामोरा गेला, ते धैर्य त्याने आणले कोठून? तो शिपाई नव्हता. तो धर्मगुरूही नव्हता. त्याचा व्यवसाय दुभाष्याचा. आणि दुभाष्याकडून जगाला चातुर्याची अपेक्षा असते, शौर्याची नव्हे.

या शंकेचे उत्तर शोधावयाचे तर क्षणभर गोन्सालोला बाजूला ठेवून शुभवर्तमानातील एक प्रसंग पाहावा लागतो. येशूला पकडून नेले त्या रात्री त्याचा पट्टशिष्य पेत्र प्रमुख याजकाच्या अंगणात कोळशाच्या शेगडीशी शेकत उभा होता. त्याच संध्याकाळी त्याने गुरूसाठी प्राण देण्याची प्रतिज्ञा केली होती आणि ती खोटी नव्हती. बागेत त्याने तरवारही उपसली होती. तरीही अंगणातील एका दासीने ‘तू त्याच्यापैकीच ना?’ अशा अर्थाचा साधा प्रश्न करताच त्याची बोबडी वळली, आणि कोंबडा आरवण्याच्या आत त्याने आपल्या गुरूची ओळख तीन वेळा नाकारली. तरवारीपुढे न भ्यालेला माणूस एका मोलकरणीच्या शब्दाने ढासळला. शौर्य आणि धैर्य यांतील अंतर याहून स्पष्ट करून दाखविणारी गोष्ट वाङ्मयात विरळाच असेल.

या कथेचा उत्तरार्ध योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पुनरुत्थित येशू तिबिर्याच्या सरोवराकाठी पेत्राला भेटतो. तेथेही कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. योहानाने मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी एकच शब्द योजला आहे. त्या विस्तवाशी पेत्राला आपले अंगण आठवले नसेल, असे म्हणवत नाही. आता गुरू काय विचारील? तू भ्यालास का? पुन्हा भिणार नाहीस ना? यांतील एकही प्रश्न विचारला जात नाही. त्याऐवजी ‘तुझी माझ्यावर प्रीती आहे का?’ हा एकच प्रश्न तीन वेळा येतो, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांना चारण्याचे काम पेत्राच्या ओंजळीत टाकले जाते. त्याच्या मरणाचे भाकीत केले जाते ते त्यानंतर. आधी प्रीती, मग चाकरी आणि सर्वांत शेवटी संकट, असा हा क्रम आहे. धैर्याचा उच्चारसुद्धा त्यात नाही. ख्रिस्ती शिष्यत्वाचा विचार करणारे पुष्कळदा नेमका हाच क्रम उलटा करतात. आधी स्वतःस निर्भय करू पाहतात आणि ते जमत नाही म्हणून खिन्न होतात. योहानाच्याच पहिल्या पत्रात प्रीती पूर्णत्वास गेली म्हणजे भीतीला घरात जागा उरत नाही, या आशयाचा विचार आला आहे. तोही याच क्रमाचा आहे. भीतीशी झगडा करून तिला हाकलावे असे तेथे सांगितलेले नाही.

आता गोन्सालोकडे वळावे. १५७२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, तो आपल्या जेझुइट शिक्षकांबरोबर जपानास गेला. तेथील भाषा त्याला फार लवकर अवगत झाली. सुमारे आठ वर्षे त्याने धर्मशिक्षकाचे, म्हणजे लोकांना श्रद्धेची मूलतत्त्वे त्यांच्या बोलीत समजावून देण्याचे, काम केले. आपण जेझुइट व्हावे ही त्याची उत्कट इच्छा होती. ती पुरी झाली नाही. संघाने त्याला घेतले नाही, यामागे त्याचा हिंदुस्थानी जन्म हे कारण असावे असा तर्क केला जातो. ज्यांच्यासाठी आठ वर्षे जीव पाखडला त्यांच्या दारातून असे परतावे लागणे ही तरुण मनाला केवढी जखम असेल, हे निराळे सांगावयास नको.

तो व्यापारात शिरला. जपानी भाषा आणि पोर्तुगीज ओळखी हे भांडवल त्याच्यापाशी होतेच; पूर्वेकडील बंदरांत त्याचा जम बसला, पैसा आला आणि फिलिपाइन्समधील मनिलापर्यंत त्याचे येणेजाणे होऊ लागले. मराठीत शांतता आणि शांती असे दोन शब्द आहेत व आपण ते बहुधा एकमेकांच्या जागी वापरतो. पेढीवर बसलेल्या गोन्सालोपाशी शांतता होती. कर्ज नव्हते, छळ नव्हता, वरिष्ठाचा धाक नव्हता. शांती मात्र नव्हती. याचा पुरावा एवढाच की, चालता व्यापार सोडून तो मनिलास अनवाणी फिरणाऱ्या फ्रान्सिस्कन संन्याशांच्या दारी गेला आणि तेथे संघबंधू म्हणून राहिला. संघबंधू म्हणजे दीक्षित, पण धर्मगुरू नव्हे. वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार त्याला नसतो, स्वयंपाकघर, दार, बाग, आजारी माणसे ही त्याच्या वाट्याला येतात. एके ठिकाणी नाकारलेल्या माणसाने दुसऱ्या ठिकाणी खालची पायरी आनंदाने पत्करली, यात त्याच्या पुढील धैर्याचे बीज दिसते. मानापमानाचे भय ज्याला उरत नाही त्याचे एक मोठे ओझे उतरलेले असते. प्राणभयाची गोष्ट त्यानंतरची.

१५९३ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश सुभेदाराने जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे वकिलात पाठविली. तिचे प्रमुख पेद्रो बाप्तिस्ता हे फ्रान्सिस्कन धर्मगुरू होते आणि दुभाष्या म्हणून त्यांनी गोन्सालोला बरोबर घेतले. दुभाष्याची जागा अशा वेळी फार नाजूक असते. हिदेयोशी स्पेनकडे अधीनतेची मागणी करीत होता. एका बाजूचा उद्दामपणा दुसऱ्या बाजूच्या कानावर घालावयाचा आणि तरीही बोलणे तुटू द्यावयाचे नाही, असा तो पेच होता. बोलणे तुटले नाही. संन्याशांना क्योतो येथे राहण्यास परवानगी मिळाली. त्यांनी तेथे चर्च बांधले, मठ बांधला आणि त्याच्या लगत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उघडले.

गोन्सालोच्या चरित्रात नाट्य शोधणारे हा भाग दोन ओळींत उरकून क्रूसाकडे धावतात. वस्तुतः थांबावयाचे ते येथे. कुष्ठरोग्याला त्या काळच्या जगात कोठेच थारा नव्हता. जपानात नव्हता, युरोपात नव्हता, आपल्याकडेही नव्हता. अशा माणसाच्या जखमा धुणे हे एक काम झाले. परंतु जखम कोठे दुखते, रात्री झोप लागते की नाही, घरची आठवण येते काय, हे त्याच्याच भाषेत त्याला विचारणे हे दुसरे काम, आणि स्पॅनिश संन्याशांमध्ये ते करू शकणारा माणूस म्हणजे वीस वर्षे जपानी बोलत आलेला हा वसईकर. परक्याची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकणे. जो एकदा आत गेला तो संकटाच्या वेळी ‘मी परदेशी आहे, माझा याच्याशी संबंध नाही’ असे म्हणू शकत नाही. पेत्राने अंगणात नेमके तसेच म्हटले होते.

संकट येण्यास फार काळ लागला नाही. परदेशी धर्मोपदेशकांनी देश सोडावा असा हुकूम हिदेयोशीने १५८७ सालीच काढलेला होता. तो कडकपणे अमलात आलेला नव्हता इतकेच. जेझुइट मंडळी हे ओळखून जपून वागत, फ्रान्सिस्कन मात्र उघडपणे उपदेश करीत. त्यात उत्साह जितका होता तितका पोच नव्हता, असे आज वाटते. १५९६ सालच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश गलबत तोसा प्रांताच्या किनाऱ्यावर फुटले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला. आमचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो आणि मागाहून सैन्य, अशी फुशारकी त्या गलबताच्या सुकाणूधराने मारली, अशी एक कथा आहे. तिच्या खरेपणाविषयी इतिहासकारांत वाद आहे. परंतु हिदेयोशीचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येत नाही. ज्या वसईत गोन्सालो जन्मला तेथे धर्म आणि राज्य हातात हात घालून आले होते, आणि त्या राज्यात देवळांवर काय प्रसंग आले हे कोकणाला ठाऊक आहे. संतांच्या कथा सांगताना ही बाजू झाकून ठेवण्यात त्या संतांचाही लाभ नाही. गोन्सालोच्या मागे सैन्य नव्हते, हे झाकल्याने नव्हे, सांगितल्यानेच स्पष्ट होते.

१५९६ च्या डिसेंबरात धरपकड झाली. चोवीस जण निवडले गेले. प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची गावोगाव धिंड काढण्यात आली आणि नंतर ऐन थंडीत क्योतो-ओसाकाकडून दूर नागासाकीपर्यंत सुमारे महिनाभराची चाल त्यांच्या कपाळी आली. वाटेत या कैद्यांची शुश्रूषा करणारे आणखी दोघे त्यांत सामील करून घेतले गेले, व संख्या सव्वीस झाली. या दोघांची गोष्ट सहसा तळटीपेत पडते, पण या साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यांच्यापाशी आहे. त्यांच्या नावे हुकूम नव्हता. ते मरावयास निघालेले नव्हते. चालणाऱ्यांना अन्नपाणी देता देता त्यांच्यात मोजले गेले, आणि मोजले गेल्यावर मागे सरले नाहीत. सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. तिघे तर बारा ते चौदा वर्षांची मुले. सर्वांत लहान मुलाला, धर्म सोडलास तर जीव वाचेल, असे अधिकाऱ्याने सुचविले. मुलाने ते मानले नाही.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस ओळीने मांडलेले होते. टेकडीवर पोचताच, यातला माझा कोणता, असे गोन्सालोने विचारले आणि तो दाखविताच गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे परंपरेने सांगितले जाते. जपानी जेझुइट पॉल मिकी याने क्रूसावरून जमावाला उपदेश केला व आपणास मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले. मग भाल्यांनी काम संपविले.

येथे एक सावधगिरी हवी. या कथेतून मरणाची आवड उचलणे हा तिचा विपर्यास होय. गेथशेमानेच्या बागेत खुद्द येशूने हा प्याला टळावा अशी प्रार्थना केली होती. घाबरण्यात पाप आहे असे ख्रिस्ती धर्माने कधी मानले नाही. आणि जपानातच पुढे जे घडले ते तर फारच विचार करावयास लावणारे आहे. १६१४ साली देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. संशयितांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावयास लावीत. न ठेवणाऱ्याचा छळ होई. हजारोंनी पाय ठेवला. घरी परतून त्यांनी पश्चात्तापाची प्रार्थना पुटपुटली आणि पुढच्या वेळी पुन्हा पाय ठेवला. जपानी कादंबरीकार एन्दो शूसाकू याने १९६६ साली लिहिलेली ‘मौन’ ही कादंबरी अशाच ढासळलेल्या माणसांविषयी आहे. त्यांना भ्याड म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु याच लोकांनी धर्मगुरूवाचून, चर्चवाचून सात पिढ्या आपली श्रद्धा मुलांच्या कानात सांगत जपली. १८६५ साली नागासाकीत ओउरा येथे परदेशीयांसाठी नुकतेच बांधलेल्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे भीत भीत शिरली, आणि त्यांतील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरूला हळूच सांगितले की, त्यांच्या अंतःकरणात आहे तेच आमच्याही अंतःकरणात आहे. ते चर्च त्या सव्वीस जणांच्याच नावे अर्पण केलेले होते. बंदी अजून उठली नव्हती. १८७३ पर्यंत ती उठली नाही, आणि मधल्या काळात उराकामीच्या गावकऱ्यांना हद्दपारी भोगावी लागली. पेत्राच्या अंगणापासून सरोवरापर्यंतची वाट चालावयास कोणाला काही दिवस पुरतात, कोणाला अडीचशे वर्षे.

ही सारी दूरची आणि जुनी हकीकत झाली, आजच्या संसारी माणसाला तिचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. त्याने वसईकडेच पुन्हा पाहावे. समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. विहिरीतून बेताने उपसले तर पावसाळ्यात भर होते; बेसुमार उपसले की खालचे खारे पाणी वर चढते आणि मग केळीची बाग व पानवेल दोन्ही सुकतात. पूर्वजांनी यासाठीच शेताशेजारी बावखले राखली होती. १९८० नंतर मुंबईची वाढ या बाजूस सरकू लागली, इमारती उठू लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, आणि जमिनीच्या व्यवहारांबरोबर गुंडगिरीही आली. माणसे दबून बोलू लागली. अशा वेळी ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली व तिच्या अग्रभागी नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते.

दिब्रिटो हे मुळात लेखणीचे धनी. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते; त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला पुढे साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. धर्मगुरूने विहिरी आणि जमिनी यांच्या भानगडीत कशाला पडावे, असा आक्षेप अशा वेळी येतोच. आणि धमकी त्याच्या पाठोपाठ येते. तीही आली. परंतु ज्या माणसांच्या लग्नाला, बारशाला आणि अंत्यविधीला तोच धर्मगुरू उभा राहतो त्यांच्या विहिरी खाऱ्या होत असताना त्याने प्रवचनापुरते बोलून घरी जावे, हे शिष्यत्वात बसत नाही. मेंढरांना चारण्याचे जे काम सरोवराकाठी सांगितले गेले त्यात पाणी येतेच. आंदोलन अहिंसक राहिले, त्यात ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही होते. वसईचे सगळेच हिरवेपण वाचले असे म्हणता येणार नाही. आगगाडीतून नुसते बाहेर पाहिले तरी ते दिसते. परंतु दबून बोलणारी माणसे रस्त्यावर येऊन मोठ्याने बोलू लागली, आणि ती बोलू लागली ती एकमेकांच्या सोबतीने. दिब्रिटो यांनी आपल्या आत्मकथनाला ‘नाही मी एकला’ हे नाव दिले, ते विचारपूर्वक दिले असावे. उस्मानाबाद येथे जानेवारी २०२० मध्ये भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूची या पदासाठी निवड झाल्याबद्दल काहींनी विरोध केला होता. त्यांनी विरोधकांना शत्रू मानले नाही व अध्यक्षपदावरून आपल्याला बोलावयाचे ते ते बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

गोन्सालोच्या नावाने वसईत आज चर्च आहे, महाविद्यालय आहे. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा आश्रयदाता संत म्हणून त्याचेच नाव घेतले गेले. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ साली, संतपदाच्या शताब्दीनिमित्त, सव्वीस जणांचे स्मारक उभारण्यात आले आहे. तेथे त्यांच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या आहेत. रोमच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारी हा दिवस ‘संत पॉल मिकी व सोबती’ यांचा म्हणून छापलेला असतो. गोन्सालोचे नाव त्यात वेगळे नाही. ‘सोबती’ या शब्दात तो आला. वसईतील म्हातारी माणसे मात्र त्याला अजून घरच्या मुलासारखे नावाने हाक मारतात.